वहीत नसलेल्या बोअरी

जमिनीला भोकं पाडणं हा माझा धंदा होता, आणि तीसएक वर्षं मी तो इमानेइतबारे केला. लोकांना धंदा सांगितला की ते जरा कीव आल्यासारखे बघायचे, म्हणून बायको नुसतंच "त्यांचं बोअरचं आहे" असं सांगून विषय बदलायची. गाडी माझी नव्हती. मेहकरच्या एका बोअरच्या गाडीवर मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे गिऱ्हाईक आणायचं, जागा बघायची, गाडीवरच्या तमिळ गड्यांना वेळेवर भात मिळतो की नाही ते पाहायचं, आणि पाणी लागलं तर शेतमालकाच्या शेजारी फोटोत उभं राहायचं. पाणी नाही लागलं तर फोटो काढत नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खाली कुठेतरी पाण्याचा हौद भरलेला आहे आणि आम्ही त्यात नळी सोडतो. तसं असतं तर माझे केस अजून काळे असते. आमच्या घाटावरच्या भागात वर माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. पाषाणात पाणी नसतं. ते असतं पाषाणाच्या भेगेत, नाहीतर दोन पाषाणांच्या मधे जो लाल गेरूचा थर असतो त्याच्या आसपास. हॅमर ठोकत ठोकत खाली जातो, कॉम्प्रेसरच्या हवेनं भुकटी वर उडते, आणि त्या भुकटीच्या रंगावरून खाली काय चाललंय ते ओळखायचं. भुकटी राखाडी असली की मी खुर्चीत बसून राहायचो. लाल झाली की उठायचो. ओली झाली की शेतमालकच उठून हात जोडायचा. घाटाखाली, पूर्णा नदीकडे गेलं की सगळा कारभार निराळा. तिथे खोलवर नुसता गाळ, पाणी लागतं पण तोंडात धरवत नाही इतकं खारं. आणि त्याही पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला, सोनाळ्याच्या बाजूला, पाणी गोड पण गोट्यांचे थर फोडत फार खोल जावं लागतं. एका जिल्ह्यात तीन जमिनी, आणि तिघींचे स्वभाव वेगळे.

कॉम्प्रेसरनं माझा डावा कान घेतला आणि मी काम सोडलं. घरी बसून वर्षही झालं नव्हतं, तर एक दिवस स्नेहल आली. स्नेहल खामगावची, पुण्यात शिकलेली, आणि तिथली नोकरी सोडून परत आलेली. तिची चार माणसांची छोटी कंपनी आहे. कुठे बोअर मारली तर पाणी लागेल हे कॉम्प्युटरला शिकवायचं, असं त्यांचं काम. मी तिला सांगितलं की हे शिकायला मला बारा वर्षं लागली आणि अजूनही येत नाही. ती हसली आणि म्हणाली, "म्हणूनच तुमच्याकडे आले, काका. तुमच्या वह्यांबद्दल फार ऐकलंय."

वह्यांचं नाव काढलं की मी विरघळतो. दर दसऱ्याला आम्ही गाडी धुऊन, हॅमर आणि त्याच्या टोकाचं बिट पुसून शस्त्रपूजा करायचो, आणि त्यांच्या शेजारी झेंडूच्या फुलांत एक कोरी वही ठेवायचो. पहिल्या पानावर स्वस्तिक. मग वर्षभराच्या बोअरी तिच्यात लिहायच्या. गाव, मालकाचं नाव, गट नंबर, मुरूम किती फुटांवर संपला, गेरू कुठे लागला, पाण्याची धार किती इंच. माझं अक्षर चांगलं आहे, हे मीच सांगायला हवं असं नाही, पण सांगतो. स्नेहलनं पानं उलटली आणि म्हणाली की इतका स्वच्छ डेटा तिनं कुठे पाहिला नाही. मी तिच्यासाठी दुसऱ्यांदा चहा करायला लावला. म्हणजे बायकोला.

मशीन कसं शिकतं ते तिनं मला असं समजावलं. त्याला दाखले द्यायचे. इथे मारली, पाणी लागलं. तिथे मारली, अमुक खोलीवर लागलं. हजारो दाखले पाहून ते स्वतःच ठरवतं की कुठली खूण महत्त्वाची. मी विचारलं, "त्याला आधी काही सांगायचंच नाही?" ती म्हणाली, "सांगता येतं, आणि तेच मला हवंय. दाखले कमी आहेत. जे आपल्याला ठाऊक आहे ते आधीच सांगितलं तर मशीन कमी दाखल्यांतही नीट शिकतं." हे मला लगेच पटलं. गाडीवर नवा ड्रायव्हर आला की दोन मार्ग असतात. दहा बिटं मोडून त्याला शिकू द्यायचं, किंवा पहिल्याच दिवशी सांगायचं की बाबा, गोट्यांत हळू.

पहिला झटका आम्हाला चहाच्या टपऱ्यांनी दिला. माझ्या वह्यांखेरीज स्नेहलनं इतर गाड्यांची अलीकडची माहिती जमवली होती, ती मोबाईलवर भरलेली. मशीननं ती सगळी पचवली आणि निष्कर्ष काढला की पाणी हमखास लागतं ते फाट्यांवर. नकाशावर प्रत्येक फाटा हिरवागार. स्नेहल दोन दिवस डोक्याला हात लावून बसली होती. रस्त्याला मुरूम टाकल्यानं पाणी मुरतं का, असलं काहीतरी ती वाचत होती. मी नकाशा बघितला आणि मला हसू आवरेना. शेतात मोबाईलला रेंज नसते. गाडीवरचा माणूस बोअर मारून झाली की फाट्यावर येतो, चहा सांगतो, आणि रेंज आली की फॉर्म भरून पाठवतो. फोन बिचारा प्रामाणिक, तो टपरीचीच जागा नोंदवतो.

"मग ह्या सगळ्या बोअरी टपरीवर मारल्यात?" स्नेहल म्हणाली.

"नाही. टपरीवर लिहिल्यात."

त्यानंतर ती मला पगारी सल्लागार म्हणायला लागली. मी तिला दोन-तीन गोष्टी मशीनच्या कानात घालायला सांगितल्या. एक, पूर्णेच्या काठची रेघ. तिच्या पलीकडचं घाटावर लावायचं नाही आणि घाटावरचं तिकडे लावायचं नाही, मग दाखले काहीही म्हणोत. दुसरी गोष्ट गेरूची. मशीन जमिनीपासून फूट मोजत होतं, म्हणून त्याला टेकडीवरचा गेरू आणि नाल्यातला गेरू वेगळे वाटायचे. पण तो थर भाकरीसारखा आडवा पसरलेला असतो. टेकडीवर उभं राहून मोजलं की तो खोल, नाल्यात उतरून मोजलं की उथळ, थर तोच. स्नेहलनं प्रत्येक जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची घालून ते सगळं पुन्हा मांडलं. मशीन एकदम शहाण्यासारखं बोलायला लागलं. त्या दिवशी मी घरी जाताना जिलेबी नेली.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. ती सांगताना अजूनही मान खाली जाते.

अमडापूरच्या पुढे एक गाव आहे. नाव देत नाही, कारण गावानं मला माफ केलंय आणि मला ती माफी घालवायची नाही. पिण्याच्या पाण्याचे हाल असे की फेब्रुवारीपासून टँकर, आणि टँकर आला की शाळा अर्धी रिकामी. त्या गावाला एक बोअर मंजूर झाली होती. एकच. ती कोरडी गेली तर पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा टँकरच. सरपंच शोभाताई स्वतः आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, मशीन काय म्हणते ते पाहा. पण मले एकदाच मारता येते, हे ध्यानात ठेवजा."

स्नेहलनं ग्रामपंचायतीत पडद्यावर गावाचा नकाशा लावला. सगळ्यांत गडद हिरवा ठिपका पडला नाल्याच्या अलीकडे, गयाबाईच्या शेताच्या बांधाला लागून. पलीकडच्या काठावर माझ्या वहीतल्या तीन चांगल्या बोअरी होत्या, त्यांच्यातला गेरू तसाच आडवा अलीकडे येतो असं धरून मशीन तिथे बोट ठेवत होतं. लोक खूश झाले. जागा गावाला लागून, पाइप थोडाच लागणार. मी पडद्याकडे बघत होतो आणि ती जागा मला चांगली ओळखीची होती. कारण गयाबाईच्या शेतात मी तेरा वर्षांपूर्वी बोअर मारली होती आणि ती ठणठणीत कोरडी गेली होती. गयाबाई बैठकीला नव्हत्या, आणि गावात ज्यांना ती आठवत असेल ते मशीनच्या पडद्यासमोर बोलले नाहीत.

ती वहीत नव्हती. कुठलीच कोरडी बोअर माझ्या वह्यांत नव्हती. आमच्या धंद्यात पूजेच्या वहीत कोरडी बोअर लिहीत नाहीत. लिहिली की पुढचीही कोरडी जाते, असं आम्ही मानायचो. माझ्या उस्तादानं मला शिकवलं, मी पुढच्याला शिकवलं. कोरडी गेली की गाडी आवरायची, त्या घरी चहा घ्यायचा नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि वहीत ओळ लिहायची नाही. मला ह्यात कधी काही खोटं वाटलं नव्हतं. मी लिहिलेलं प्रत्येक अक्षर खरं होतं.

आणि मी त्या बैठकीत गप्प बसलो. हे मला सांगितलंच पाहिजे. स्नेहलनं विचारलं, "काका, तुम्हाला जागा कशी वाटते?" आणि मी म्हणालो, "बरी आहे." इतक्या लोकांसमोर माझ्या वह्यांचं कौतुक नुकतंच झालं होतं. सोमवारी गाडी येणार असं ठरलं. मी एसटीनं घरी आलो, चहा निम्मा टाकला, आणि बायकोनं विचारलं की काय झालं. मी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थ्या बायांच्या डोक्यावरचे हंडे तुमी उतरवनार होते ना? मंग लाज कायची वाटून राह्यली? फोन करा."

मी फोन केला. स्नेहल शहरी मराठी बोलते, पण राग आला की खामगाव बाहेर येतं. तिनं आधी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "काका, तुमी मशीनले फक्त पास झालेले पोट्टे दाखवले. थे म्हननच ना, का ह्या शाळेत कोनी नापासच होत नाई म्हून. किती कोरड्या गेल्या?"

"लिहिल्या असत्या तर सांगितल्या असत्या."

"मग आठवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सोमवारची गाडी तिनं पुढे ढकलली.

आठवायला बसलो तर लक्षात आलं की माणूस आपली हार फार नीट विसरतो. गाव आठवायचं, मालक आठवायचा नाही. मालक आठवला तर शेत कुठलं ते आठवायचं नाही. मग मला नामदेवबुवा आठवला. नामदेवबुवा पाणाड्या. तळहातावर नारळ उभा धरून शेतात फिरायचा आणि नारळ आडवा झाला की म्हणायचा, इथं मार. तीस वर्षं आमचा उभा दावा. माझं गिऱ्हाईक तो पळवायचा, त्याचं मी. एकदा बाजाराच्या दिवशी भर गर्दीत मी त्याला नारळवाला भोंदू म्हणालो होतो. आता त्याच्याच ओसरीवर जाऊन बसलो.

"तुह्या कोरड्या बोअरी?" बुवा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. "मले तोंडपाठ हायेत. तीस वर्सं थेच सांगून राह्यलो ना लोकाईले."

आणि खरंच पाठ होत्या. गाव, शेत, बांध, किती फुटांवर दमलो, मालकीण काय बोलली. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. अर्ध्यावर आल्यावर मी म्हणालो, "बुवा, तुह्या कोरड्या मले पाठ हायेत." तो जरा वरमला. मग म्हणाला, "लिह्य बे. आता कायची इज्जत." त्या दिवशी दोन दुश्मनांनी मिळून एकमेकांचे नापास मुलगे मोजले. निघताना मी त्याला विचारलं की नारळात खरंच काही असतं का. तो म्हणाला, "नारय लोकाईसाठी. मी उंबर पाह्यतो, शेजाऱ्याची इहीर पाह्यतो, अन् तू कुठी मारून बसला थे पाह्यतो." म्हणजे माझ्या वहीत नसलेल्या ओळींवर त्याचा धंदा चालला होता.

स्नेहलनं आमची यादी मशीनला दिली. मी म्हणालो की आता सगळा नकाशा लाल होईल. तसं झालं नाही. त्या गावात आमच्या कोरड्या बोअरी नाल्याच्या अलीकडे एका रांगेत पडल्या. त्या पट्ट्यात गेरूचा थर आलाच नव्हता, नुसता सलग पाषाण. मी त्यातल्या तीन मारल्या होत्या, बुवानं दोन दाखवल्या होत्या, आणि ती रांग आम्हा दोघांनाही कधी दिसली नव्हती. दिसणार कशी, अर्धी त्याच्याकडे होती आणि अर्धी माझ्याकडे. मशीननं हिरवा ठिपका उचलला आणि नाल्याच्या पलीकडे, शाळेच्या मागच्या उताराला नेऊन ठेवला.

पण ती रांग एका ठिकाणी अडखळत होती. गयाबाईची बोअर नक्की कुठे होती आणि किती खोल गेली होती, ते मला आठवत नव्हतं, आणि बुवाच्या पाठ यादीत तेवढी एकच अर्धवट होती. तेवढं कळल्याशिवाय स्नेहल नवी जागा नक्की करायला तयार नव्हती. म्हणून मी गयाबाईकडे गेलो. स्नेहलला बरोबर घेतलं नाही.

गयाबाई आता सत्तरीच्या आहेत. त्यांनी मला ओळखलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. बांधावर घेऊन गेल्या. जमिनीतून हातभर वर आलेला केसिंगचा पाइप अजून तिथेच होता, तोंडावर झाकण ठोकलेलं, आणि त्याला शेळी बांधलेली.

"हेच काम करते थो," गयाबाई म्हणाल्या. "शेळी राखते."

मी खोली विचारली. "दोनशे ऐंशी," त्या लगेच म्हणाल्या. "मी रॉड मोजत होतो ना. वीस-वीस फुटाचे चौदा रॉड. रांगोळी टाकली होती, नारय फोडला होता, भाजीपाला लावीन म्हनत होतो. अन् तुमी लोकं मांगं न पाह्यता निंगून गेले. चौदा कप चहा मांडला होता मी भाऊ. एका रॉडमागं एक कप. दूध इकडून तिकडून आनलं होतं. सारा सांडून द्या लागला."

मी म्हणालो की तशी आमची रीत होती. हे बोलतानाच मला कळलं की हे उत्तर नाही.

"मंग आता काऊन आले?"

मी सांगितलं. वहीत कोरडी लिहीत नव्हतो, म्हणून मशीन तुमच्याच बांधावर गावाची बोअर मारायला सांगत होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता आनली का वही?" मी आणली होती. नवीच घेतली होती, दसऱ्याची वाट न बघता. पाइपाजवळ बसून लिहिलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून म्हणाल्या, वाचून दाखवा. मी मोठ्यानं वाचलं. मालक गयाबाई, नाल्याच्या अलीकडे, पूर्वेचा बांध, खोली दोनशे ऐंशी फूट, गेरू नाही, पाणी नाही, कोरडी.

"हाव," त्या म्हणाल्या. "असंच झालं होतं."

शेळीनं वहीचा कोपरा खाल्ला. मी उठलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, चहा नाही का विचारणार. गयाबाई म्हणाल्या, "गावाले पानी लागू द्या आंदी."

दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या मागे गाडी लागली. नारळ नामदेवबुवानं फोडला, तो मान मी त्याला दिला. स्नेहल लॅपटॉप बंद करून उभी होती, तिच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. शोभाताई तोंडाला पदर लावून भुकटीत उभ्या होत्या आणि दर रॉडला माझ्याकडे बघत होत्या. शंभरापर्यंत राखाडी. दीडशेपर्यंत राखाडी. मी खुर्चीत बसलोच नव्हतो. एकशे सत्तरला भुकटीत लालसर कड दिसली. मशीननं एकशे पासष्ट सांगितलं होतं. मग भुकटी बसली, चिखल आला, आणि एकशे ऐंशीला पाणी वर फेकलं गेलं. दोन इंच. फार मोठं नाही, पण उन्हाळा काढेल असं. लोकांनी स्नेहलला घेरलं, आणि तिनं सगळ्यांना बुवाकडे आणि माझ्याकडे पाठवलं. शोभाताईंनी ओंजळ धरून पाणी चाखलं आणि मान हलवली. फोटो काढला. मी जाऊन बाजूला उभा राहिलो, सवयीनं.

पहिला गढूळपणा उतरल्यावर बायकांनी कळश्या भरल्या. मी गाडीची आवराआवर बघत होतो, तेव्हा उजव्या कानाला कपबशीचा आवाज आला. गयाबाई ताट घेऊन सगळ्यांना चहा देत येत होत्या. तमिळ गड्यांना दिला, बुवाला दिला, स्नेहलला दिला. माझ्यापाशी आल्या आणि शेवटचा कप पुढे केला.

"घ्या भाऊ," त्या म्हणाल्या. "तवाचा राह्यला होता."